मिठाचा फलाट

होळी पेटून विझली की आयच्या टाचा दुखायला लागतात. सातव्या मजल्यावरच्या गुळगुळीत लादीवर मऊ सपाता घालून फिरणारी बाई ती. मिठागरातून ती कायमची बाहेर आली तेव्हा मी शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते, आणि आता मला निवृत्त होऊनसुद्धा काही वर्षं झाली. तरी हंगाम आला की तिच्या टाचांना बरोबर कळतं. मी खोबरेल कोमट करून आणते. ती पाय पुढे करते आणि दरवर्षी तेच बोलते, "कुंदे, मीठ धरला असंल बघ आता."

कुठलं मीठ आणि कुठलं काय! खिडकीतून दिसतात ते टॉवर, त्यांच्यामागे अर्धे बांधलेले टॉवर, आणि मधल्या फटीतून खाडीचा हातभर पट्टा. पण मी तिला तसं सांगत नाही. एकदा सांगून बघितलं होतं, तर म्हणाली, "तू बघून आलीस का?" मी टाचा चोळत राहते.

मीठ धरायची सकाळ मात्र मलाही आठवते. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवायचं, उन्हात आटवायचं, पायांनी चिखल तुडवून तळ घट्ट करायचा. मग एका सकाळी पाण्यावर दुधावर येते तशी पातळ साय यायची. सगळी माणसं बोलायची थांबून तिच्याकडे बघत राहायची. पुढचे दोन-तीन महिने वरून ऊन आणि खालून मिठावरून उसळलेलं दुसरं ऊन. रात्री डोळे मिटले तरी आत पांढरंच दिसायचं. घाम खारट, ओठ खारट, ओढणी वाळत घातली तर तीही खारट. भाईंदरजवळच्या मोरव्याच्या आमच्या घरात त्या दिवसांत कालवणात मीठ कमी पडलं अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

लोकांना वाटतं, भाईंदरला पहिल्यापासून एकच स्टेशन. आमच्या लेखी दोन होती. एक माणसांचं, दुसरं मिठाचं. मोठ्या लाइनीपासून फुटून एक रूळ खाडीच्या अंगाला वळायचा आणि मिठागरांच्या कडेला जाऊन थांबायचा. त्याच्या बाजूला दगडी फलाट, मालगाडीच्या डब्यात सरळ पाऊल टाकता यावं इतका उंच. एका टोकाला पत्र्याची शेड, शेडमध्ये रेल्वेच्या मालबाबूचं टेबल आणि पाण्याचा माठ. नावाची पाटी नाही, तिकीट नाही, घड्याळ नाही. तिथून माणूस कुठे जायचा नाही, जायचं ते फक्त मीठ. आम्ही त्याला मिठाचा फलाट म्हणायचो.

तो कधी गेला ते मला नक्की सांगता यायचं नाही. हेच तर विशेष आहे. एखादं माणूस गेलं की निदान दिवस तरी लक्षात राहतो. फलाट एकदम गेलाच नाही. आधी डबे यायचे बंद झाले, मीठ ट्रकमधून जायला लागलं. मग रुळांत गवत वाढलं. मग रूळ कुणी उचलून नेले, शेडचे पत्रे कुणाच्या तरी घरावर चढले, फलाटाचे दगड कुणाच्या तरी जोत्यात गेले. मातीची भरणी पडली, तिच्यावर क्रिकेट सुरू झालं, लग्नाचे मांडव पडले, गाड्या लागल्या. मी रोज शाळेत जाता-येता हे बघत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. जाऊ दे मेला एकदाचा, असं मी मनात म्हणायची.

या वर्षी टाचांना तेल लावत होते तेव्हाच खालच्या मजल्यावरची श्रेया आली. कॉलेजात शिकते, गोड पोरगी आहे. शहरातल्या नाहीशा झालेल्या स्टेशनांवर त्यांना काहीतरी प्रोजेक्ट करायचाय. हातात जुन्या नकाशाची झेरॉक्स. "काकी, आजींना विचारते ना, इथे मिठाची सायडिंग होती असं कुणीतरी सांगितलं. पण नकाशात तर काहीच दिसत नाहीये. ॲक्च्युअली, मॅडम म्हणाल्या, जे नकाशात नाही ते लिहू नका."

आयला नकाशा वाचता येत नाही. तिनं तो मांडीवर घेतला, सरळ केला, त्यावरून तेलकट बोट फिरवलं. "कुठं हाय यात फलाट?"

"नाहीये आजी. म्हणजे तिथे स्टेशन नव्हतंच, असं दिसतंय."

आयनं नकाशा घडी करून तिच्या हातात दिला. आवाजसुद्धा चढवला नाही. "टेसन नव्हता, तर मग कुंदाचा बाप गेला कुठून?"

पोरगी बिचारी गडबडली, तिला काय माहीत. मी चहाचं निमित्त करून तिला आत नेलं आणि नंतर दारापर्यंत पोचवलं. परत आले तर आय पाय खाली सोडून बसली होती, सपाता घालून. "मना तिथं ने," म्हणाली. "या हंगामात ने. मना त्येला हाक मारायची हाय."

हे मागणं नवं नव्हतं. दर हंगामात ती हे म्हणायची आणि दर हंगामात मी काहीतरी कारण काढायची. ऊन फार आहे. रिक्षा मिळत नाही. तिथे काही उरलेलं नाही, काय बघणार आहेस. माझी पेपर तपासणी आहे, हेही सांगून झालं, पेपर तपासायचे बंद झाले त्याच्यापुढची दोन वर्षंसुद्धा.

आता फलाटावर डबा कसा भरायचे ते सांगते, म्हणजे हाक कसली ते कळेल. बायका डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन रांगेनं यायच्या, फळीवरून डब्यात जायच्या, टोपली ओतायच्या, परत. सुटं मीठ, पोत्यात भरलेलं नाही. डब्याच्या आत एक पुरुष फावडं घेऊन उभा. तो मीठ कोपऱ्यांत ओढायचा, सारखं करायचा. डब्याला दोन दारं, एक फलाटाच्या बाजूला, एक खाडीच्या बाजूला. भरत आलं की आतला माणूस खाडीच्या दारातून खाली उतरायचा, दार ओढून घ्यायचा आणि फावड्याच्या दांड्यानं बाहेरून लोखंडावर तीनदा ठोकायचा. म्हणजे मी बाहेर आलो, आता तुमचं दार लावा. पण त्याच्याआधी फलाटावरून शेवटची टोपली टाकणाऱ्या बाईनं त्याला नावानं हाक मारायची, अशी रीत होती. नाव घेऊन हाक, मग आतून ओ, मग ठोके, मग तिनं मुकादमाला ओरडून सांगायचं, "भरला!" रेल्वेचा माणूस दोन्ही बाजूंना फिरून कड्या घालायचा आणि शिशाचं सील मारायचा.

आता आमच्यातली बाई नवऱ्याचं नाव घेईल का? हरे राम! नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून आय आणि शेजारची सुंद्रीमावशी यांनी आपसात वाटून घेतलं होतं. माझे बाबा एका डब्यात, सुंद्रीमावशीचा नवरा बारकू पुढच्या डब्यात. आय हाक मारायची, "ए बारकू, निघालास का रं?" आणि सुंद्रीमावशी हाक मारायची, "हिराजीदादा, उतरा आता!" कुणी थट्टा केली तर दोघी टोपलीआडून हसायच्या. किती तरी हंगाम हे असं बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी बाबांच्या अंगात कणकण होती. सकाळी पेज नको म्हणाले. मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. "आज नका जाऊ," असं मी म्हणाले की नुसतं मनात आलं, ते आता मला सांगता येत नाही. इतक्या वेळा तो दिवस उलटापालटा केलाय, की त्यात मी नंतर काय घातलं आणि आधीचं काय, हे वेगळं काढता येत नाही. बाबांचा टॉवेल मात्र स्पष्ट आठवतो, निळ्या काठाचा, डोक्याला गुंडाळलेला.

दुपार कलल्यावर डबा भरत आला. सुंद्रीमावशी शेडमध्ये पाणी प्यायला गेली होती. शेवटची टोपली आयची. मुकादम घाई करत होता, "आटपा गो, आटपा." आता हाक कोण मारणार? आयनं लोखंडावर हातानं तीन थापा मारल्या. पलीकडून फावड्याचे तीन ठोके आले. आय ओरडली, "भरला!"

ते ठोके बारकूचे होते. तो पुढच्या डब्यातून उतरला होता, त्याला वाटलं थाप आपल्यालाच आहे. डब्याला डबा लागलेला, आवाज कुठून येतो ते कळतं थोडंच. बाबा आत होते. पश्चिमेचं ऊन अंगावर येतं म्हणून त्यांनी खाडीचं दार आतून ओढून घेतलं असणार आणि तापात मिठाच्या राशीमागे कोपऱ्यात आडवे झाले असणार. असणार म्हणते, कारण बघितलं कुणीच नाही. हे नंतर सगळ्यांनी मिळून ठरवलं.

घरी न येणं नवं नव्हतं. बाबांची बहीण जवळच्याच तारोडी गावात, हंगामात ते कधीकधी कामावरूनच परस्पर तिच्याकडे जायचे. दोन दिवस कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी माणसांच्या स्टेशनातला एक शिपाई घरी आला. जिथे मीठ उतरवायचं होतं, तिथे डबा उघडला होता. गाव इतकं लांब होतं की त्याचं नाव आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. चुलते गेले, तिकडेच अग्नी देऊन आले. येताना निळ्या काठाचा टॉवेल आणला. एक चुलते दारू पिऊन एकदा बोलले, मिठानं त्याला जराही नासू दिलं नव्हतं, झोपल्यासारखा होता. आय ते ऐकत होती. तिनं बाबांना शेवटचं पाहिलंच नाही.

नाव न घेऊन आयुष्य वाढतं म्हणतात. मी पुढे शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं, आणि असलं काही कुणी बोललं की माझं डोकं फिरायचं. हळदीकुंकवात, नाव फक्त उखाण्यातच घ्यायचं असा आग्रह करणाऱ्या एका बाईंना मी असं काही झापलं की त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. बरंच झालं.

आयला कुणी दोष दिला नाही. बारकू येऊन तिच्या पाया पडला, सुंद्रीमावशी तर वर्षभर तिच्याशी डोळे मिळवू शकली नाही. आय पुढच्या हंगामात परत त्याच फलाटावर टोपल्या वाहायला गेली, मला शिकवायचं होतं म्हणून. काय तिच्या मनाचं झालं असेल, प्रत्येक डब्यापुढे! मला एकदाच म्हणाली, "मी नाव घेतला असता, तर त्येनं ओ दिली असती." मी तिच्या कुशीत शिरून रडले, आणि तिला वाटलं मी बापासाठी रडतेय.

बापासाठी रडत होतेच. पण दुसरंही एक होतं. ते आजपर्यंत मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी दिवेलागणीला आयनं मला फलाटावर पाठवलं होतं. डबे भरून झाले की फलाटावर सांडलेलं मीठ आम्ही मुली घरच्यासाठी झाडून आणायचो. "बाबा दिसला तर घेऊन ये," असंही ती म्हणाली होती. फलाटावर कुणी नव्हतं. इंजिन अजून आलं नव्हतं, डबे तसेच उभे. मी मीठ गोळा करत असताना एका डब्यातून ठकठक ऐकू आली. मी थांबले. रेल्वेचा कंदीलवाला तिथून चालला होता, त्याला विचारलं. तो हसला. "अगं, लोखंड दिवसभर तापलंय, आता निवतंय. निवताना वाजतं ते." मला पटलं. मी परडी भरली आणि घरी आले. आयला सांगितलं, "फलाटावर कुणी नाही."

लोखंड निवताना वाजतं. बरोबरच आहे, तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. मी हे फळ्यावर आकृती काढून कितीतरी वर्गांना शिकवलं. दरवर्षी तो धडा आला की मी इतर धड्यांपेक्षा जास्त वेळ घ्यायची. मुलांना कंटाळा यायचा. मी पुन्हा पुन्हा समजावून सांगायची.

श्रेया येऊन गेली त्याच्या चौथ्या दिवशी आय सकाळीच लुगडं बदलून बसली. दिवसभर तशीच बसून राहिली. जेवली नाही. ऊन उतरल्यावर मी रिक्षा बोलावली. नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. तिचं वय बघता पुढच्या हंगामाची वाट बघणं म्हणजे तिला सरळ नकार देण्यासारखंच होतं.

ती जागा आता निळ्या पत्र्यांनी बंद केलीय. आत कुठला तरी टॉवर उठतोय, पत्र्यांवर स्विमिंग पूलची आणि हसणाऱ्या कुटुंबाची चित्रं. रिक्षावाल्यानं विचारलं, "यहाँ? यहाँ तो कुछ नहीं है, आंटी." मी त्याला थांबायला सांगितलं. आय खाली उतरली. तिनं खाडीकडे बघितलं, जुन्या पुलाचा खांब हेरला, मग पत्र्याच्या कडेनं चालत राहिली, खांबाकडे मान वळवत. एका जागी थांबली. "हितं," म्हणाली. मला विचाराल तर बरोबर तीच जागा होती.

तिनं पत्र्यावर हाताच्या तीन थापा मारल्या. पत्रा दणाणला. मग तिनं हाक मारली, "हिराजी!"

मी तिच्या तोंडून हे नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं. फार मोठ्यानं नाही. संध्याकाळी जेवायला बोलवावं तसं. पुन्हा एकदा, "हिराजी, ए हिराजी!" मी म्हटलं, आय, चल आता, पुरे. तेवढ्यात आतून पत्र्यावर कुणीतरी ठोकलं.

आयचा हात माझ्या मनगटावर आवळला. पण ‘भरला’ असं ती ओरडली नाही. तिनं पत्र्याला तोंड लावून विचारलं, "कोन हाय आत? नाव सांग."

"क्या हुआ? कौन चाहिए?" आतून पुरुषाचा आवाज आला.

"नाव सांग म्हनते ना!"

मीच ओरडले, "भैया, नाम बताओ, प्लीज. मेरी माँ पूछ रही है."

"अरे, मैं रामदरस. क्या हो गया?"

"त्येला सांग, भायेर ये. आधी भायेर ये."

तो पलीकडच्या लहान दारातून बाहेर आला. पंचवीस-तीस वर्षांचा, भुवयांपर्यंत सिमेंटनं पांढरा. काही चोरीबिरी झाली की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर. आय त्याच्यापुढे गेली, त्याच्या गालावरून हात फिरवला, बोटांना लागलेलं पांढरं बघितलं. "आत आनखी कोन हाय?"

मी विचारलं. "कोई नहीं, अम्मा. सब लोग चले गए."

"तू बघून आलास का?"

त्याला शब्द कळले नसतील. पण तो कुणाचा तरी मुलगा असणार. तो आमच्याकडे एकदा बघून परत आत गेला. बराच वेळ त्याच्या चपलांचा आवाज लांब लांब जात राहिला. मग तो आला, मान हलवली. "कोई नहीं है. पूरा देख लिया, अम्मा."

आयनं डोळे पुसले नाहीत, ती रडतच नव्हती. "भरला," म्हणाली. आणि त्याला हातानं खूण केली, लाव दार.

त्यानं दार लावलं. आय माझा हात सोडून एकटीच रिक्षाकडे चालायला लागली, टाचा दुखत असूनही भराभर. आत बसल्यावर तिनं हाक मारली, "चल गो, भूक लागली मना." तिचं काम झालं होतं. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा असा मोकळा बघितला नव्हता, आणि देवाशपथ सांगते, मला तिचा हेवा वाटला.

मी मात्र पत्र्यापाशीच उभी राहिले. सूर्य खाली गेला होता. दिवसभर तापलेला पत्रा हाताला अजून कोमट लागत होता, आणि निवायला लागला होता. मी कान लावला. कंदीलवाला खोटं बोलला नव्हता, लोखंड निवताना वाजतंच. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग भलतीकडेच, लांब, टक्. मी पुरेसा वेळ थांबले, मला खात्री करून घ्यायची होती. त्या संध्याकाळचा आवाज असा नव्हता. तो एकाच जागेवरून येत होता, आणि तीन-तीनदा येत होता.